टाळूला चिकटवायचं की काढता येणारं?

अगं, आमच्या ईराचा वरचा जबडा अरुंद, त्यामुळे दात एकमेकांवर चढायला लागले. म्हणून आम्ही तिघं कर्वेनगरला दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरबाई म्हणाल्या, "जबडा रुंद करायला दोन प्रकारची उपकरणं असतात. एक टाळूला चिकटवतात. दुसरं काढता येतं, पण आठवणीनं घालावं लागतं."

आमचे हे लगेच म्हणाले, "काढता येणारंच द्या. पोरांना जबाबदारी कळते."

बाईंनी यांच्या हातातली स्कूटरची किल्ली बघत शांतपणे विचारलं, "आपण गाडीवरूनच आलात ना? हेल्मेट कुठाय?"

"घरी राहिलं," हे पुटपुटले. "जवळच यायचं होतं."

"मग चिकटवूनच टाकू."

इतका वेळ घाबरून बसलेली ईरा पटकन म्हणाली, "डॉक्टर, आधी बाबांचं हेल्मेट चिकटवा!"