छत्रीवाली

मुलगी : अगं आई, कपाट कशाला उघडतेस आत्ता? गाडी येईल एवढ्यात.

आई : येऊ दे. थांबेल गाडीवाला.

मुलगी : बाबांची बॅग भरायची राहिलीय. संस्थेतल्या बाईंनी बजावलंय, जेवणाच्या आधी आणून सोडा म्हणून.

आई : भरू नकोस. तुझे बाबा कुठल्या संस्थेत-बिंस्थेत जायचे नाहीत.

मुलगी : झालं! पुन्हा पहिल्यापासून सुरू. आई, ते तुला ओळखत नाहीत, मला ओळखत नाहीत. काल गॅस चालू ठेवून आंघोळीला गेले.

आई : माणसं विसरले असतील. चिनीमाती नाही विसरायचे. उभा जन्म जुन्या बाजारांत घालवला त्यांनी. एकेक बाहुली, एकेक बशी हुडकून आणली. घरी पाहुणे आले तरी आपण जेवायचो साध्या ताटल्यांत, आणि या सोनेरी काठाच्या बश्या आपल्या काचेआड.

मुलगी : मला सांगतेस? मी कपाटाजवळून नुसती धावले तरी ओरडायचे.

आई : तेच म्हणतेय. आज ओरडले ना, तर बॅग ठेवून दे माळ्यावर.

मुलगी : आणि नाही ओरडले तर?

आई : तसं बोलू नकोस गं. ते गेले की या घरात माझ्यावर ओरडणारंही कोणी उरणार नाही.

मुलगी : आई, ती छत्रीवाली बाहुली आहे! ठेव खाली. त्यांचा जीव होता तिच्यावर.

आई : म्हणून तर काढली. अहो, इकडे बघा. ही कोण?

बाबा : छान आहे. तुमची का?

आई : तुमची. मऊ ब्रशने पुसायचात हिला. मला हात लावू द्यायचा नाहीत.

बाबा : मी? छे हो, काहीतरीच.

मुलगी : बघितलंस? दे इकडे.

आई : तो निळा कप फुटला तेव्हा माझा तळवा चांगला फाटला होता. रक्त ठिबकत होतं आणि हे गुडघ्यांवर बसून दांडीचे तुकडे वेचत होते. नंतर महिनाभर अबोला. असा माणूस हिच्यासाठी जागा होणार नाही? होईल. कुठेही असला तरी धावत येईल.

मुलगी : आई, नको! अगं...

(छत्रीवाली फरशीवर आपटून फुटते.)

आई : ओरडा ना! फुटली ती. मी मुद्दाम टाकली. अहो, वाट्टेल ते बोला, पण बोला!

बाबा : बाई, हलू नका. पायात तुकडा जाईल. लागलं का कुठे?

मुलगी : आई... बस बघू आधी. मी झाडू आणते.

बाबा : रडताय कशाला? या घरचे मालक फार तापट आहेत का?

आई : फार.

बाबा : मग तुम्ही गप्प राहा. मी सांगतो त्यांना, माझ्या हातून पडली म्हणून.