वापरलेला कीबोर्ड, हेडफोनशिवाय

—नाही हो काका, अडकत नाही ती पट्टी, तुम्हीच भीत भीत दाबताय. दाबा बिनधास्त. हां, वाजली की नाही? नातीसाठी घेताय म्हणजे तिलाच आणायचं होतं सोबत... शाळेत होय, बरं. बसा ना, ते खुर्चीवरचे कपडे सरकवा तिकडे, धुतलेलेच आहेत. मी माझ्या छोटीला मांडीवर घेऊनच वाजवते. हल्ली खाली ठेवतच नाही मी हिला. अकरा महिन्यांची आहे. हाताला ना — भाजलंय जरा. बँडेज निघेल परवा. डॉक्टर म्हणाले बोटं उघडतील नीट, मग रोज तेल लावून एकेक बोट सरळ करायचं. ती रडणार, मी मोजणार. जाऊ दे ते, तुम्ही ऐका.

हे यायच्या आत वाजवून दाखवते. आमचे हे आता याला हात लावू देत नाहीत, विकायचा म्हणजे विकायचा. मी सातवीपर्यंत शिकलेली, कॉर्डची ती इंग्रजी नावं माझ्या डोक्यात टिकायची नाहीत. मग नणंदेने मला आकडे दिले. नणंद म्हणजे ह्यांची धाकटी बहीण, लहान मुलांना कीबोर्ड शिकवते क्लासमध्ये, इथेच राहायची आमच्यात. हा तिचाच जुना, मला दिला तिने. तर तीन बोटं एकदम ठेवली की झाला कॉर्ड. एक म्हणजे घर. चार म्हणजे अंगण. आणि पाच म्हणजे दारात येऊन उभं राहिलेलं माणूस, आता आत येणारच. ऐका — एक... चार... पाच — आणि आता मी हात उचलला तर? कसंतरी होतंय ना तुम्हाला? होतंच. सगळ्यांना होतं. हे घ्या, एक. आलं बाई घरी.

आता गंमत बघा. पाच वाजवायचा, आणि एकवर यायचंच नाही, गुपचूप सहावर जायचं. असं. सगळे दारात वाट बघताहेत आणि माणूस शिरलं बाजूच्या दिवा न लावलेल्या खोलीत. मला हे इतकं आवडायचं की मी प्रत्येक गाण्यात तेच करायची. नणंद हसायची, म्हणायची, वहिनी, किती फसवशील लोकांना, एखाद्याला तरी घरी पोचू दे गं! — पण माझा खरा लाडका वेगळाच. चार वाजवायचा, हा असा, खुशीत. आणि मधलं बोट तेवढं सरकवायचं डावीकडच्या काळीवर. बाकी दोन बोटं जागची हलवायची नाहीत. काय झालं ऐकलंत? काहीच नाही झालं, एक बोट नखभर सरकलं — आणि हसत्या माणसाचा आवाज बसला. मग एकवर यायचं. घर तेच, पण आपण काहीतरी लपवून आत आलोय असं वाटतं. नणंदेला विचारलं, हे कशाने होतं गं? ती म्हणाली, कशाने ते पुस्तकात आहे, पण तुला पुस्तकाआधी कळलं, म्हणजे कान आहे तुला. मला! लग्नाआधी माझ्या पोळ्यांनासुद्धा कुणी चांगलं म्हटलं नव्हतं.

हेडफोन? नाही. हेडफोन मिळणार नाही सोबत. भोक आहे, तुम्ही दुसरा आणून लावा... होता. मोडला. मोडला म्हणजे — मीच मोडला, पायाखाली घालून. तुम्हाला काय करायचंय काका, बिघाड नाही कसला, आवाज बघा किती स्वच्छ आहे.

दुपारी लावायची मी. छोटी झोपली की भिंतीशी बसायचं, कान बंद करायचे आणि शोधायचं. आई झाल्यापासून माझे कान माझे नव्हतेच हो. खोकली का, श्वास चालू आहे ना, नाकाशी बोट धरून बघायची मी दहा-दहा वेळा. आणि तो अर्धा तास फक्त माझा. त्या दिवशी एकवरून सहावर जायला शिकत होते. नणंदेने सांगितलं होतं, हात उचलून उड्या मारू नकोस, जी दोन बोटं दोन्हीकडे चालतात ती तिथेच दाबून ठेव, करंगळी तेवढी एक पांढरी पुढे टाक. माझी करंगळी आठ दिवस धडपडत होती. आणि त्या दिवशी गेली — लोण्यातून गेल्यासारखी. पुन्हा केलं, पुन्हा गेली. आणि तेवढ्यात इकडे छोटी उठली होती, पलंगावरून उतरायला नुकतीच शिकलेली, आणि खाली इस्त्री होती. रडली असेल. रडलीच असणार ना. शेजारची दार ठोकत आत आली तेव्हा कळलं मला.

संध्याकाळी ह्यांनी दोघींना उभं केलं. लक्ष कुणाचं होतं? नणंद म्हणाली, मी क्लासला निघाले तेव्हा वहिनीला सांगून गेले की आता तू बघ. आणि मी म्हटलं, मला नाही काही सांगितलं. — खोटं नव्हतं काका. मला ऐकू आलंच नव्हतं! हेडफोनचं मी बोललेच नाही कुणाला, एवढंच. तिने माझ्याकडे पाहिलं नुसतं. मला वाटलं, भांडेल, ओरडेल, म्हणेल की कानाला काय लावलं होतंस ते सांग. तिने बॅग खाली काढली. इस्त्रीचंही तिच्याच अंगावर आलं, क्लासला जायची घाई म्हणून तिनेच तशी ठेवली असणार, असं ह्यांनीच ठरवलं. ती गरम इस्त्री मी ठेवली होती खाली. तिने बॅग भरली, मैत्रिणीच्या खोलीवर गेली, आणि हा कीबोर्ड ठेवून गेली मला; तिची वस्तू घरात नको म्हणून हे विकायला काढताहेत.

हे तेवढ्यावर थांबले असते तर — पण बापाचा जीव, पोरीचा हात बघितला की डोकं फिरतं त्यांचं. क्लासच्या बाईंना जाऊन सांगून आले, हिच्या हवाली लहान मुलं करू नका. तिच्याकडे सगळी लहान मुलंच आहेत हो. बाईंनी तिला घरी बसवलंय आठ दिवस. चांगल्या आहेत त्या, ह्यांना म्हणाल्या, नीट विचार करून सांगा, मी फोन करते. आज करणार आहेत, पाच वाजता. हे मुद्दाम लवकर येताहेत त्यासाठी. आणि मी सकाळपासून काय करतेय? कीबोर्ड पुसतेय.

काय म्हणालात? नाही, तसं नाही... नव्हतं ऐकू आलं. शप्पथ. — पण दिसलं होतं. ती दारात उभी होती, खांद्याला पर्स, छोटीकडे बोट दाखवत होती आणि ओठ हलत होते. मी एक कान मोकळा केला असता तर संपलं होतं. पण करंगळी नुकती जमली होती, ती सुटेल असं वाटलं. मी मान हलवली. हो हो, जा आता, अशी. तिने माझी मान बघितली आणि विश्वासाने गेली. हे मी कुणाला — तुम्हालाही कशाला सांगितलं मी? तुम्ही कोण माझे?

थांबा, गाडीचा आवाज आला. हेच आहेत. चप्पल घाला काका. नाही, नको, कीबोर्ड राहू दे, तो द्यायचा की नाही ते ठरवणारी मी कोण, तिला विचारावं लागेल. नातीला दुसरा बघा. रागावू नका, पण तुम्ही इथे बसून राहिलात तर मी पुन्हा ह्या पट्ट्यांचंच बोलत बसेन आणि ह्यांना खरं सांगायच्या आत पाच वाजून जातील. जिन्यात भेटतील ते, काही बोलू नका, नुसतं बाजूला व्हा. उठा.