प्रेमलताकाकींचा शेवटचा फोन

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या मच्छीमार संस्थेचे चेअरमन माननीय भाई कुबल, व्यासपीठावरचे ज्येष्ठ तांडेल दाजी, सत्कारमूर्ती प्रेमलताकाकी तारी, आणि होड्या किनाऱ्यावर ओढून वेळेत हजर झालेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

भाईंनी मला पाच मिनिटं दिली आहेत. स्वतः पंचवीस घेतली, पण अध्यक्षांचं घड्याळ वेगळं असतं. (हसू नका, मला अजून या गावात राहायचंय.)

काकी मुदतीच्या चार वर्षं आधीच निवृत्त होतायत, त्याचं कारण भाईंनी ‘नवं तंत्रज्ञान’ असं सांगितलं. भाई, तंत्रज्ञानाला नाव असतं. त्याचं नाव मितेश, आणि तो तुमच्यासमोर उभा आहे.

काकींचं काम तुम्हाला ठाऊक आहे. दुपारी हवामानाचा इशारा आला की संध्याकाळी पाचपासून त्या एकेका होडीवाल्याला फोन लावायच्या. “उद्या वारो वाढतलो. होडी भायर काढू नको. आयकलंस मां?” समोरचा “आयकलंय” म्हणेपर्यंत फोन ठेवायच्या नाहीत. नुसतं ‘हूं’ चालायचं नाही. कुणाची जीभ जड वाटली तर त्याच्या बायकोला बोलवायला लावायच्या. एकशे सत्तेचाळीस होड्या, अडीच तास.

मी कृत्रिम बुद्धिमत्तेवर काम करतो. गेल्या वर्षी मोठ्या हौसेने म्हटलं, काकी, तुमचा आवाज यंत्राला शिकवतो, तुमचे कष्ट वाचतील. आठ दिवस त्यांनी माझ्यासमोर बसून यादीतली नावं वाचली. वर मलाच चहा पाजला. आता तेच काम त्यांच्याच आवाजात तीन मिनिटांत होतं. कष्ट वाचले, आणि नोकरीही गेली. हे मला आधी कळलं नव्हतं, असं मी या माइकवरून सांगू शकत नाही.

यादीतलं पहिलं नाव मात्र काकींनी वाचलं नव्हतं. काशीराम तारी, त्यांचे यजमान. मला वाटलं, नजरचुकीने राहिलं. यंत्राला नाव वाचलेलं लागत नाही, आवाज ओळखीचा झाला की ते कुठलंही नाव त्या आवाजात घेतं. मी घेऊ दिलं. बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, हे मला या गावात जन्मून कळू नये?

काशीरामकाका अकरा वर्षांपूर्वी समुद्रात गेले ते आले नाहीत, पण संस्थेच्या यादीतून त्यांचं नाव कुणी काढलं नाही. त्या वेळी इशाऱ्याचा कागद कचेरीच्या फळ्यावर लावायची पद्धत होती. काकींनी तो लावला आणि त्या मसुऱ्याला माहेरी गेल्या. घरच्या माणसाला फोन करून वेगळं काय सांगायचं, फळ्यावर वाचतील, असं त्यांना वाटलं. काका त्या दिवशी कचेरीकडे फिरकलेच नाहीत. मोबाइल रात्रभर घरीच होता, काकाही घरीच होते. फोनची पद्धत काकींनी सुरू केली ती त्यानंतर. काकांचा मोबाइल त्या अजून रिचार्ज मारून, चार्ज करून देवघराजवळ ठेवतात.

चाचणीच्या दिवशी मी मुद्दाम त्यांच्या घरी जाऊन बसलो होतो. शाबासकी हवी होती मला. यादी वरून सुरू झाली आणि देवघराजवळचा मोबाइल वाजला. त्यांच्या मुलीने, दिव्याने, उचलून स्पीकरवर टाकला. काकींचा आवाज आला, “काशीराम, उद्या वारो वाढतलो. होडी भायर काढू नको. आयकलंस मां?”

पाच सेकंद उत्तराची वाट पाहून फोन बंद झाला, आणि माझ्या पडद्यावर उमटलं, ‘संदेश पोचला’.

काकी खाली बसल्या. म्हणाल्या, “लग्नात एकदा ह्येंचा नाव घेतलंय, मगे कधी नाय. आज तुझ्या यंत्रान घेतल्यान.” मी रडकुंडीला आलो. म्हटलं, काकी, आत्ता नंबर काढून टाकतो. तर त्या म्हणाल्या, “नको रे, रवांदे. त्या दिवशी मी करूक व्हयो होतो तो फोन. अकरा वर्सा उशिरान, पन गेलो.” मग डोळे पुसून माझ्यावरच ओरडल्या, “पन जबाब गावल्याशिवाय ठेवता कसो तो फोन? ह्या काय काम झाला?”

यंत्रात मी नंतर केलेली दुरुस्ती ती हीच. आता उत्तर येईपर्यंत ते पुन्हा पुन्हा फोन लावतं. त्यामुळे यादी कधी पुरी होत नाही. दर इशाऱ्याला एकशे सत्तेचाळीस उत्तरं येतात, एक येत नाही. समितीने दोनदा सांगितलं, तो नंबर काढ. मी नाही काढला.

काल काकींचा कचेरीतला शेवटचा दिवस होता, आणि दुपारी इशाराही आला होता. संध्याकाळी सवयीने पडदा पाहिला, तर एकशे अठ्ठेचाळीस. सगळी पुरी. पहिल्या नावापुढचं उत्तर लावून ऐकलं. यंत्र काकींच्या आवाजात विचारत होतं आणि काकीच त्याला सांगत होत्या, “आयकलंय.” एवढंच. पुढे त्या रडत होत्या, आणि घरी मीही रडलो.

असो. संस्थेचे, भाईंचे, शामियाना घालणाऱ्या मुलांचे मनापासून आभार. कुणाचं नाव राहिलं असेल, मानपानात काही उणं पडलं असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला.

काकी, तुमच्याकडे मात्र निराळं मागणं आहे. तुमचा आवाज मी घेतला आणि तुमची खुर्चीही घेतली. माका क्षमा करा. आयकलात मां?

मी थांबलोय, काकी. तुम्हीच शिकवलंत, जबाब गावल्याशिवाय ठेवायचं नाही.