दादाची गाडी आणि एअर फिल्टर

मला वाटलं होतं, परदेशात शिकलेलं इंजिनाचं काम बनारसमध्ये करायचं म्हणजे पहिली अडचण माझं मुलगी असणं. पण कुणाला त्याचं काहीच नव्हतं. माझा चुलतभाऊ श्रीधरदादा गंगेपलीकडच्या रेतीवर पर्यटकांना एटीव्ही, म्हणजे जाड चाकांची उघडी चारचाकी, चालवायला देतो; घर त्या एका गाडीवर चालतं. ती धूर ओकायला लागली तेव्हा त्यानेच आमच्या साऱ्या दूधविनायक मोहल्ल्यात सांगितलं, "आमची गुड्डी इंजिन उघडणार!"

मी इंजिनाचं वरचं झाकण, हेड, उतरवलं. सिलिंडर रेतीने खरवडून गेला होता. तो बदलला, नवा पिस्टन आणि रिंगा घातल्या, व्हॉल्व्ह घासून बसवले. गाडी छान चालू झाली. तेवढ्यात कोनाड्यात एअर फिल्टर दिसला.

"दादा, हा बाहेर का?"

"अगं, त्यात सारखी धूळ भरायची. काढून टाकला."

"धूळ अडवायलाच असतो तो! रोज धुवायचा, तेल लावायचं. नाहीतर इंजिन पुन्हा जाईल."

"रोज? इतकी फुरसत कुणाला आहे, यार?"

हे बोलताना तो गाडीला हार घालत होता. ही पूजा तो रोज करतो, अगदी साग्रसंगीत, मंत्रांसकट.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठरवलं, आता भाषण बंद. फिल्टर बसवला, त्याच्या डबीला कुंकू लावलं आणि म्हटलं, "दादा, मुख्य देव हा. याला रोज स्नान, मग तेल."