बादलीभर गहू

कॅनडातल्या सस्कॅचेवानात धान्याच्या गोदामाबाहेर आमच्या ट्रकांची रांग लागली होती. माझ्या पुढचे दोघे शेतकरी खाली उतरून बोलत होते.

"ऑरेस्ट, यंदा गारांनी तुझं सगळं पीक झोपवलं. मग हा गहू कुठला?"

"गेल्या वर्षीचा. भाव पडला म्हणून कोठीत ठेवला होता."

"तेव्हा मी तुला वेडा म्हणालो होतो."

"अख्ख्या चर्चसमोर म्हणालास, लाइल."

"आता दक्षिणेत दुष्काळ पडला नि भाव चढला! बरं, शेती सोडून ट्रॅक्टर लिलावात काढणार होतास ना? मी बोली लावणार आहे."

"माझ्या ट्रकमधली ती बादली बघ."

"गहूच आहे. हा विकायचा नाही?"

"घरी ओल्या कागदावर दाणे ठेवतो. कोंब आले, तर कोठीत उरलेला हाच गहू वसंतात पेरायचा."

"आणि माझा ट्रॅक्टर?"

"पेरणीला ये. एक फेरी मारू देईन."