स्टँडवर एकशे चौदा

एकशे चौदा! तुम्हाला सांगतो, एकशे चौदा! आणि गाडी कुठे? स्टँडवर! चाक हललेलं नाही, मी वर बसलेलो नाही, मिस्त्री शेजारी उभा राहून फडक्याला हात पुसतोय, इंजिन नुसतं जागच्या जागी धडधडतंय, आणि तो नवाकोरा डिजिटल मीटर निळ्या उजेडात ठणकावून सांगतोय की आपण ताशी एकशे चौदा किलोमीटरने चाललो आहोत! मी मिस्त्रीकडे बघितलं. मिस्त्रीने मीटरकडे बघितलं आणि म्हणाला, "पिकअप चांगला आहे."

आता तुम्हीच सांगा, मागणं काय होतं माझं? गाडी किती वेगाने चाललीय, एवढं कळावं. बस्स!

नाही, पहिल्यापासून सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल हा माणूस उगीच आरडाओरडा करतोय. गाडी जुनी. जुनी म्हणजे किती, तर ती बनवणारा कारखाना बंद पडला, त्या जागी दुकानं झाली, ती दुकानंही बंद पडली, एवढी जुनी. गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या पायात, आणि किक मारताना चुकलात तर तीच तुम्हाला मारते. पुढे दोन गोल तबकड्या. इंजिनचे फेरे दाखवणारा काटा मी गाडी घेतली तेव्हाच गार पडलेला. वेगाचा काटा चालू, पण कसा? तीस आणि ऐंशी यांच्या मधे असा हलायचा, असा हलायचा... जसा काही मान हलवून सांगतोय. किती वेग आहे रे बाबा? नाही नाही नाही नाही!

आणि पेट्रोल? ते या गाडीत बघायचं नसतं, ऐकायचं असतं. दोन्ही हातांनी गाडी गदागदा हलवायची आणि टाकीला कान लावायचा. भर चौकात, सिग्नलला! लोकांना वाटायचं गाडीला ताप भरलाय.

पण इतकी वर्षं अडलं का काही? अजिबात नाही! कारण खरा मीटर मागे बसायचा. आमची ही. तिचं बोलणं चालू आहे म्हणजे चाळीसच्या आत. बोलणं थांबलं म्हणजे पन्नास. आणि साठ झाले की मागून एकच शब्द यायचा, "अहो." पुढे काही नाही, नुसतं "अहो"... आणि माझा हात आपोआप ढिला! त्याला बॅटरी लागत नव्हती, वायर लागत नव्हती, आणि मी आठवण करून दिली नाही तरी तो चालायचा.

दोन वर्षं झाली ही जाऊन. असो.

तर आता मी एकटा, आणि समोर तो नाही नाही म्हणणारा काटा. झालं! एका महिन्यात दोन दंड. पहिला जास्त वेगाबद्दल. आणि दुसरा... हसू नका... दुसरा फार हळू चालवून मागची वाहतूक अडवल्याबद्दल! दोन्ही एकाच रस्त्यावर! आणि दंडाचा मेसेज जातो कुणाच्या फोनवर? लेकीच्या! कारण गाडीच्या कागदपत्रांवर मीच तिचा नंबर घातलेला. लेक दुसऱ्या गावी नोकरी करते, दोन महिन्यांतून एकदा येते, फोन मात्र रोज. दुसऱ्या दंडाच्या दिवशी दोनदा आला.

"बाबा, तुम्ही नक्की काय करताय त्या रस्त्यावर?"

मी म्हटलं, "दोन्हींची सरासरी काढ ना. बरोबर येते."

"विनोद नकोय मला. पुढच्या महिन्यात मी येतेय. तोवर धड दिसणारा मीटर बसवून घ्या, नाहीतर गाडी विकायची. आई होती तोवर वेगळं होतं."

मग फोनवर दोन्हीकडून पंख्याचा आवाज येत होता.

आणि विकायची कुणाला, तेही ठरलेलं बरं का! तिच्या ऑफिसखाली एक कॅफेवाला आहे, त्याला जुनी मोटरसायकल हवीय. चालवायला? छे! भिंतीवर टांगायला! माझी गाडी! भिंतीवर! खाली माणसं कॉफी पिणार आणि वर माझी गाडी खिळ्यांवर! "बाबा, तो नीट ठेवेल हो, रोज पुसेल." अगं पुसेल, पण भिंतीवरची गाडी जाणार कुठे? आणि तिच्यावर मागे कोण बसणार? पाल?

म्हणून गेलो गॅरेजमध्ये. इथे एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. गॅरेज एकच, पण त्यात माणसं दोन. डाव्या अर्ध्यात मिस्त्री, तो इंजिन-चाकं बघतो. उजव्या अर्ध्यात वायरिंगवाला, तो वायरी-दिवे बघतो. आणि हा वायरिंगवाला मिस्त्रीच्या बहिणीचा नवरा! म्हणजे मिस्त्रीचे दाजी. आणि दोघांचं गेली काही वर्षं बोलणं बंद! कशावरून? दहा-अकराचा पाना कुणी हरवला यावरून! एका छपराखाली काम करतात, एकाच गाडीवर करतात, आणि एकमेकांशी बोलतात कसे? गिऱ्हाइकामार्फत!

"साहेब, दाजींना सांगा, गाडी सहा व्होल्टची आहे."

दाजी तिथून दोन हातांवर उभे. ऐकलंय त्यांनी. तरी मी आपला मान वळवून, "दाजी, गाडी सहा व्होल्टची आहे."

"मेहुण्याला सांगा, मीटर बारा व्होल्टचा आहे. आणि सहा व्होल्टची गाडी नसते, टॉर्च असतो."

"साहेब, दाजींना सांगा, हा टॉर्च आहे तर मग बॅटरी बदला, हॉर्न बदला, बल्ब बदला. दुसरं काय!"

"मेहुण्याला सांगा, हे मला शिकवू नको म्हणावं. पण जेवायला आज घरी ये, बहिणीने बोलावलंय."

हाही निरोप मीच दिला! आणि बघा हं, भांडण एवढं, पण "दाजी"चं "दाजी"च. मान राखून अबोला!

तर मीटरच्या पुड्यातून निघालं काय? मूठभर तबकडी. माझ्या गाडीत जन्मापासून चार वायरी, तबकडीच्या शेपटीला चौदा. शिवाय एक सेन्सर आणि दोन चुंबकं. चुंबक पुढच्या चाकाच्या स्पोकवर चिकटवायचं, सेन्सर त्याच्यासमोर, चुंबक समोरून गेलं की मीटर समजतो चाक एकदा फिरलं. चाकाचा घेर किती, तो आकडा मीटरमध्ये भरायचा. एक चुंबक लावायचं, दुसरं जादा, हरवलं तर असावं म्हणून.

मिस्त्री म्हणाला, "साहेब, घेर मोजायला टेप लागेल. लोखंडी टेप टायरवर वळत नाही. शिवणकामाची असेल तर बघा."

घर जवळच. हिच्या शिवणाच्या डब्यात टेप होती. तो डबा दोन वर्षांत उघडला नव्हता. टेप लगेच सापडली, वरच होती. मला परत यायला मात्र तासभर लागला.

असो.

परत आलो, घेर मोजला, आकडा भरला, दाजींनी बारा व्होल्टची बॅटरी टाकून चौदा वायरी कुठे कुठे खुपसल्या, मिस्त्रीने किक मारली, आणि पुढचं तुम्हाला माहीत आहे. स्टँडवर एकशे चौदा!

मागणं काय होतं हो माझं? गाडी किती वेगाने चाललीय एवढं कळावं. आता तर न चालता कळायला लागलं!

मग दाजी म्हणे, मेहुण्याला सांगा, प्लगची ठिणगी मीटरच्या वायरीत घुसतेय, प्लगवरची टोपी बदल. मिस्त्री म्हणे, दाजींना सांगा, टोपी बदलतो, पण वायर प्लगला खेटून नेली कुणी? मी मधे उभा, मान इकडे, मान तिकडे, तुम्हाला सांगतो, माझाच काटा झाला! पण टोपी बदलली, वायर लांबून फिरवली, आणि शून्य आलं. स्टँडवर चक्क शून्य! आयुष्यात शून्य बघून मला इतका आनंद पूर्वी झालेला नाही.

गाडी रस्त्यावर काढली. वीस... तीस... चाळीस! काय तो स्थिर आकडा! थरथर नाही, नाही नाही नाही! मी म्हटलं, चला, जिंकलो, कॅफेवाल्या, शोध दुसरी गाडी! आणि तेवढ्यात शेजारून एक बाई गेल्या. सायकलवर. हँडलला दोन पिशव्या, फोनवर बोलत, निवांत पायडल मारत मला मागे टाकून गेल्या. मी मीटरकडे बघितलं. चाळीस. आणि खरं सांगतो, मला संशय आला का? नाही! मी मनात म्हटलं, बाई दमदार आहेत! अहो, शहाण्यासुरत्या माणसाचा अंदाज किती चुकावा? पण मला इतके दिवस मागून कुणी काही सांगितलंच नव्हतं. मला कसं कळावं चाळीस म्हणजे केवढं?

गॅरेजच्या दारात येऊन थांबलो, तर समोर कोण? लेक! पुढच्या महिन्यात येणार होती ती त्या शनिवारीच, घराला कुलूप बघून, थेट इथे हजर. खांद्याला पिशवी, हातात हेल्मेट, पांढरं, नवंकोरं, आणि कपाळावर आठी.

"बसवला मीटर? दाखवा. मी मागे बसते."

बसली. मी निघालो. अजून कोपरा आला नाही तर मागून ओरडली, "बाबा, सत्तर! बाजारात सत्तर! थांबवा, थांबवा म्हणते ना!"

थांबवली. उतरली. फोन काढला. "मी कळवते त्या कॅफेवाल्याला. सोमवारी टेम्पो पाठवेल."

म्हटलं, गेली गाडी. ती फोनमध्ये बोटं फिरवतेय, मी टाकीवर हात ठेवून उभा. टाकी गरम होती.

आणि मग तीच थांबली. "बाबा... आपल्याला एक रिक्षा मागे टाकून गेली का आत्ता?"

"दोन," मी म्हटलं. "आणि एक ट्रॅक्टर."

"बसा परत. चालवा." आणि या वेळी तिने फोनवरचा वेग लावला. मीटर म्हणतो साठ, फोन म्हणतो तीस. मीटर पन्नास, फोन पंचवीस. आम्ही तसेच गॅरेजमध्ये परत.

मिस्त्री लगेच, "टेपच जुनी असणार, साहेब. जुन्या टेपा आखडतात."

हे मात्र मला लागलं. का ते विचारू नका, पण लागलं. मी म्हटलं, "टेप बरोबर आहे."

"अहो पण..."

"टेप बरोबर आहे!"

लेक माझ्याकडे बघायला लागली. मग म्हणाली, "टेप चुकली तर थोडं चुकेल. बरोबर दुप्पट कसं येईल?" आणि खाली बसून तिने पुढचं चाक हाताने फिरवलं. हळूहळू. एक चुंबक आलं. चाक अर्धं फिरलं. आणि मडगार्डच्या आडून, डौलात, दुसरं चुंबक आलं!

तिने वर बघितलं. मिस्त्री म्हणाला, "मी लावलं होतं." दाजी म्हणाले, "मी लावलं होतं." आणि मग, बघा काय झालं, दोघं वळले, माझ्याकडे नाही, एकमेकांकडे!

"तुम्ही कशाला लावलंत, दाजी? मी आधीच लावलेलं!"

"मग सांगायचं नाही?"

"कुणाला सांगणार? निरोप द्यायला माणूस कुठे होता?"

आणि आता दोघं माझ्याकडे! "कुठे होतात हो साहेब एवढा वेळ?"

मी म्हटलं, "टेप आणायला गेलो होतो."

"तासभर?"

लेकीने विचारलं, "कुठली टेप, बाबा?"

"आईच्या डब्यातली."

तिने दुसरं चुंबक नखाने उचकटलं, दाजींच्या हातात दिलं, उठली, गुडघे झटकले. मागे ते दोघं पान्यावर पोचले होते. भांडत होते, पण थेट! मला मधे कुणी घेत नव्हतं! काय सुटल्यासारखं वाटलं म्हणून सांगू.

आणि मग लेक म्हणाली, "सरका मागे."

"काय?"

"सरका. मी बघते नीट दाखवतोय का. गिअर उजव्या पायात ना? काटे होते तोवर मला या गाडीचं काही कळायचंच नाही. आता आकडे आहेत, वाचता येतंय."

दोनदा बंद पाडली, एकदा पायावर किक बसली, एकदा ब्रेक समजून गिअर दाबला आणि गॅरेजची पाटी वाकवली. आणि मग निघाली. अशी निघाली... मी मागे, सीटचा पट्टा धरून. तुम्हाला सांगतो, त्या जागी मी कधी बसलोच नव्हतो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा! तिथून रस्ता निराळाच दिसतो हो. बाजूची घरं दिसतात, झाडं दिसतात, माणसं दिसतात. काम काही नाही, नुसतं बसायचं. नदीच्या पुलापर्यंत नेलं तिने मला आणि परत आणलं. उतरताना म्हणाली, "त्या कॅफेवाल्याला सांगते, भिंतीवर घड्याळ लाव म्हणून."

वाचली! गाडी वाचली! त्या रात्री मला जी झोप लागली, ती दोन वर्षांत लागली नव्हती.

तेव्हापासून लेक दर रविवारी येते. हो, दर रविवारी! आली की आधी गाडीजवळ जाते, मग माझ्याजवळ येते, पण येते. फिरायला आम्ही दोघं जातो, आणि मी विचारायच्या आत ती पुढे बसलेली असते. गाडी माझी, मीटर मी बसवून घेतला, निरोप मी पोचवले, घेर मी मोजला. मागणं काय होतं, तर किती वेगाने चाललोय एवढं कळावं. आणि आता मीटर अचूक आहे, तुम्हाला सांगतो, एका किलोमीटरचाही फरक नाही, ती स्वतः म्हणते... पण मी मान डावीकडे केली, उजवीकडे केली, उंच करून पाहिली, तरी मला समोर दिसतं काय? तिचं हेल्मेट. पांढरं आहे. स्वच्छ आहे. आकडा त्यावर एकही नाही.