आप्पांचे शिंपले रक्षेबरोबर नकोत

आप्पांच्या शाळेतल्या गुरुजींनो, गल्लीतल्या आक्कांनो, मंडळींनो. काल माझे वडील गेले आणि आज त्यांच्याबद्दल ‘होते’ म्हणायचं. जीभ वळत नाही. तरी बोलते, कारण उद्या सकाळी फार उशीर झालेला असंल.

उद्या रक्षाविसर्जन. गेलेल्याच्या आवडीची वस्तू रक्षेबरोबर द्यायची आपली रीत. कुणी पानाची चंची देतं, कुणी चष्मा. माझ्या थोरल्या भावानं, अण्णानं, आप्पांचे सगळे शिंपले दोन पोत्यांत भरलेत. पोती बाहेर टेम्पोत आहेत. उद्या मलप्रभा नदीत सोडणार.

अण्णा, खाली बघू नको. तुझी माया मला कळते. पण चूक ती चूकच.

मंडळी, आप्पा इतिहास शिकवायचे. सुट्टी लागली की समुद्राकडं पळायचे, खानापुरात परत यायचे ते पिशव्या भरून. आई ओरडायची, “घर हाय का बंदर? लई वास मारतोय!” मारायचाच.

एकदा मी विचारलं, “आप्पा, एवढं काय हाय ह्यात?” त्यांनी माझ्या हातात कैरी दिली आणि ताजा शिंपला दिला, दगडावर घासून भोक पाडलेला. म्हणाले, “सोल.” आठवडाभर कैऱ्या सोलल्या मी! मग त्यांनी माझा शिंपला आणि किनाऱ्यावर सापडलेला एक फार जुना शिंपला भिंगाखाली धरला. दोन्ही एकाच बाजूनं झिजलेले.

“बघ गं. लोखंड नव्हतं, तांबं नव्हतं, त्या काळात किनाऱ्यावरच्या कुणीतरी ह्यो हातात धरलाय. कंद सोललेत, कातडी खरवडलीत.”

मी म्हटलं, “लाटांनी झिजला असंल की!”

“लाट सगळीकडनं झिजवती. हात एका बाजूनं झिजवतो.”

कळलं का अण्णा? नदीचं पाणी ती कड घासून टाकणार. मग हात कुठला आणि पाणी कुठलं, कोण ओळखणार? त्या माणसांची नावं गेली, बोली गेली. एवढी झीज उरलीय. ती आपण पुसायची? आणि तीसुद्धा आप्पांच्या नावानं?

सकाळी तू म्हणालास, “लग्न होऊन गेलीस, तुला हक्क न्हाय.” नसंल. बाकी काही मागत नाही मी. काका म्हणतात, वस्तू ठेवली तर गेलेल्याचा जीव अडकतो. अडकू दे की! मला आप्पा हवेत रं. ते मिळत नाहीत, म्हणून त्यांचं काम मागते.

आता श्रद्धांजलीसाठी सगळ्यांनी उभं राहायचं. कुणी बोलायचं नाही. अण्णा, तू मात्र बाहेर जा आणि पोती उतरव. ती खाली टेकल्याचा आवाज येईपर्यंत मी कुणालाही बसा म्हणणार नाही.